भिंतीचा पैरा

१

सन दोन हजार तेवीस, मार्गशीर्ष महिना. त्या साली पावसाने जत भागाकडे फिरून पाहिले नव्हते. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. दिवाळीनंतर वाडीत टँकर सुरू झाला. तो दिवसाआड येई. आला की बायका हातातले काम टाकून घागरी घेऊन पळत. थंडी मात्र दरसालासारखी पडली होती.

आकारामचे घर वाडीच्या कडेला. पुढे पोराने लष्कराच्या पगारावर बांधलेले सिमेंटचे घर, मागे जुनी माळवदाची खोली. दगडाचा पाया, हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचेच सपाट छप्पर. आत पेंडीची पोती आणि मोडका नांगर. भिंती धड होत्या. बायको राहीबाई होती तोवर ती दरसाल लिंपायची. ती गेल्यावर त्या भिंतींना कोणी हात लावला नव्हता.

आकारामचा दिवस ठरलेला होता. सांजेला धार काढायची, दूध डेअरीत घालायचे, हातपाय धुवायचे आणि माळवदाच्या खोलीच्या दारापुढे दगडावर बसायचे. आत त्याची नात राजनंदिनी जर्मन घोकत असे. पुढच्या घरात सून राजेश्वरीचे शिलाई मशीन आणि टीव्ही. तिथे अभ्यास होत नाही, म्हणून पोरीने ही खोली झाडून घेतली होती.

राजनंदिनी मिरजेत नर्सिंग शिकली, सांगलीत इस्पितळात नोकरी केली. आता जर्मनीतल्या एका इस्पितळाने तिला जागा धरून ठेवली होती. अट एकच, जर्मन बोलण्याची परीक्षा पास झाली पाहिजे. एकदा ती नापास झाली होती. पौषात पुण्याला दुसरी परीक्षा होती. त्यात नापास झाली तर जागा दुसऱ्याला जाणार होती. लिहिण्यात पोरगी हुशार. जीभ वळत नव्हती.

जीभ अडे ती एका शब्दावर. ब्लायबन. त्याचा ती पाढा म्हणे.

"इश ब्लायबं. डू ब्लायब्स्ट. एर ब्लायब्ट. वीर ब्लायबन. ईर ब्लायब्ट. झी ब्लायबन."

आकारामची शाळा चौथीत सुटली होती. पण एवढे दिवस ऐकून त्यालाही तो पाढा पाठ झाला होता. एकदा त्याने विचारले, ह्याचा अर्थ काय. तिने सांगितले, राहणे. मी राहतो, तू राहतोस, तो राहतो, आम्ही राहतो.

"तू तर निघालीस जायाला," आकाराम म्हणाला. "मग राहण्याचा पाढा कशाला घोकतीस?"

"सरांनी दिलाय आबा. जाण्याचा मला येतोय."

आकारामला हसू आले, पण त्याने ते दाखवले नाही. कुणाच्या तोंडावर हसायची त्याला सवय नव्हती.

२

एके दिवशी दिवेलागणीला तो दगडावर बसला होता. आत पाढा चालू होता. पोरीची ओळ संपली की मागून तीच ओळ पुन्हा येत होती. आवाज हलका, जरा जड जिभेचा. बाईचा की बाप्याचा ते कळत नव्हते. पोरगी म्हणे ब्लायब्स्ट, तो आवाज म्हणे ब्लायप्स्ट. 'ब'च्या जागी 'प'. मग पोरगी तिसऱ्यांदा म्हणे, आणि तिचाही 'प' होई.

मोबाइलवर मास्तर शिकवतोय, असे आकारामने धरले. हल्ली सगळे मोबाइलवरच शिकतात.

तेवढ्यात राजेश्वरी पुढच्या घरातून परसात आली. कानाला मोबाइल होता. ती नवऱ्याशी, विश्वजीतशी, बोलत होती. तो आसामात होता आणि संध्याकाळीच त्याला फोन मिळे. तिच्या हातातला मोबाइल राजनंदिनीचा होता, लाल कव्हराचा. घरात दुसरा फोन आकारामचा, बटणांचा, आणि तो त्याच्या बंडीच्या खिशात होता.

आत पाढा चालूच होता. ओळ, आणि ओळीमागे ओळ.

आकाराम उठला आणि दारातून डोकावला. पोरगी पोत्यावर बसली होती, मांडीवर पुस्तक, तोंड मागच्या भिंतीकडे. बाकी कोणी नव्हते.

"कोण बोलतंय गं?"

ती दचकली. "कोण न्हाई आबा. भिंत घुमती."

तो परत येऊन दगडावर बसला. मन मात्र जागेवर बसेना. सिमेंटच्या घरात खोकले तरी आवाज उलटून येतो. मातीच्या भिंतीचे तसे नसते. माती आवाज गिळते, परत देत नाही. ह्याच खोलीतून राहीबाईला हाक मारावी तर परसात उभ्या बाईला ती ऐकू जात नसे, दार लावलेले असले की. एवढी वर्षे न घुमलेली भिंत आत्ताच कशी घुमायला लागली?

तो उठून खोलीच्या पाठीमागे गेला. तिथे जुन्या खळ्याची मोकळी जागा, एक बाभळ आणि बाभळीला बांधलेली शेळी. दुसरे काही नव्हते. शेळीपुढे पाला पडलेला होता. ती खात नव्हती. कान टवकारून भिंतीकडे बघत उभी होती.

म्हातारपणी कानात काहीबाही वाजते, असे सयाजी नेहमी म्हणायचा. सयाजी त्याचा जोडीदार, शेजारच्याच रानातला. पण सयाजीच्या कानात वाजत होते ते त्याच्या शेळीला ऐकू जात नव्हते.

३

रविवारी राजनंदिनी सांगलीहून क्लास करून आली ती खुशीत. महेंद्र सर मूळचे साताऱ्याचे, जर्मनीत बरीच वर्षे काढून आलेले. त्यांनी पोरांपुढे तिच्या उच्चाराचे कौतुक केले होते. आणि त्या अडेल शब्दाचे मूळही सांगितले होते. तिला ते कधी आबाला सांगते असे झाले होते.

"आबा, लय जुन्या काळी एकच शब्द हुता. चिकटण्याचा. तेल चिकटतंय, चिखल चिकटतोय, तसला. त्यो शब्द तिकडं गेला त्याचं झालं ब्लायबन, राहणं. हिकडं आला त्याचं झालं आपलं लिंपणं. एकाच मुळाचे दोन फाटे. जे चिकटलं ते राहिलं."

"तुज्या सराला लिंपाय येतंय का?"

"न्हाई."

"मग लिंपणाचं त्यानं सांगू नये."

ती हसली. चहाची कपबशी त्याच्या हातात दिली. त्याच्या उजव्या हाताची करंगळी तरुणपणी मळणी यंत्रात गेली होती, म्हणून बशी ती नेहमी डाव्या हातात द्यायची. आकारामने चहा संपवला आणि मनात आठ दिवस घोळत होते ते विचारले. मागून ओळ कोण म्हणतो?

पोरीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "तुमाला बी येतंय ऐकू?"

तिला वाटले होते, अभ्यासाने डोके तापून तिच्याच कानात तो आवाज येतो. पहिले दोन दिवस ती भ्याली. मग ध्यानात आले की तो आवाज चुकले की थांबतो आणि बरोबर आले की पुढे जातो. कंटाळत नाही, रागावत नाही. सर सुद्धा एवढा वेळ देत नव्हते. परीक्षा होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही, असे तिने ठरवले होते. सांगितले आणि आवाज बंद झाला, तर ती पुन्हा नापास होणार होती.

"आन मी काय फुकट घेत न्हाई," ती म्हणाली. "मी त्याला म्हनलं, पैरा धर. परीक्षा झाली की फेडीन."

पैरा म्हणजे हाताच्या बदल्यात हात. आज तुम्ही माझ्या रानात दिवसभर राबलात, उद्या माझ्या घरचा माणूस तुमच्या रानात राबणार. त्यात रुपये येत नाहीत. लिहून ठेवायचे नसते. तोंडाने 'पैरा धर' म्हटले की झाले. आकारामच्या घराण्यात कुणाचा पैरा चुकला नव्हता आणि त्याला त्याचा ताठा होता. पोरगी लहान असल्यापासून त्याने तिच्या कानावर एकच घातले होते. कुणी हात लावला तर पैरा धर म्हणायचे, तोंड चुकवून यायचे नाही. ती तसेच वागली होती.

"कुणाला म्हनलीस?" त्याने पुन्हा विचारले.

"भिंतीला."

"भिंतीला पैरा सांगत न्हाईत."

"का?"

त्याने कपबशी खाली ठेवली आणि तो गोठ्याकडे गेला. गोठ्यात काही काम नव्हते.

४

पौष लागला. सकाळी पेंड काढायला आकाराम माळवदाच्या खोलीत गेला, तर मागची भिंत ओली होती.

थोडीथोडकी नव्हे, छातीच्या उंचीपासून वर हात पोचेल तिथवर. त्याने राजेश्वरीला हाक मारली आणि पाणी कुणी सांडले म्हणून खडसावले. ती गरीब स्वभावाची, पण त्या दिवशी तिनेही ऐकून घेतले नाही. प्यायला पाणी पुरत नाही आणि मी भिंतीला पाणी पाजीन व्हय, असे बोलून ती निघून गेली. तिचे खरे होते. टँकर आदल्या दिवशी आलाच नव्हता. घरातल्या पिंपाचा तळ दिसत होता.

तो भिंतीजवळ गेला. भिंत नुसती ओली नव्हती. लिंपलेली होती.

पांढऱ्या मातीत शेण आणि तूस कालवून केलेला गिलावा, बोटांच्या कमानी एकीला एक लागून. आकारामने जन्मभर बायकांची लिंपणे पाहिली होती. पूर्वी लिंपणही पैऱ्यानेच चाले. कुणाची कमान कोणती ते गावातली माणसे लांबून सांगत. राहीबाईची कमान बुटकी होती. ही तिची नव्हती. ही कुणाचीच नव्हती.

त्याने नीट पाहिले. लिंपणारा हात डावीकडून उठतो, उजवीकडे उतरतो, आणि उजव्या टोकाला मातीची बारीक कड सुटते. इथे कड डाव्या टोकाला होती. सगळी कमान उलटी. डावखुरा कोणी असेल, असे त्याने मनाशी म्हटले. वाडीत डावखुरी एकच, लालासाहेबाची सून, आणि ती बाळंतपणाला फलटणला गेलेली.

मग त्याने बोट लावले. लिंपताना बोटांनी मातीत चर पडतात. इथे चर नव्हते. जिथे चर पडायचे तिथे माती वर उठून आली होती, बोटासारखीच गोल. चर पडले होते, पण ते पलीकडून.

तो मागे सरला. मातीचा गार वास नाकात बसला होता. भिंत हातभर जाड, तिच्या आतून कोण लिंपणार? बाहेरून ओल चढली असेल, ओलीने माती फुगली असेल. तो पाठीमागे जाऊन बघून आला. बाहेरचे अंग उन्हाने तडकलेले, कोरडे ठक्क.

त्याने पेंड न घेताच दार ओढले. त्या दिवशी म्हशीने अर्धाच चारा खाल्ला, आणि दूध कमी आले म्हणून डेअरीतला नानासो त्याला पाणी कमी घातले काय म्हणून चिडवत राहिला.

५

पोरगी पास झाली.

महेंद्र सरांचा फोन आला. राजेश्वरीने तो आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. सर खुशीत होते, पण त्यांना एक कोडे पडले होते. परीक्षा घेणाऱ्या बाई जर्मन होत्या आणि त्यांनी विचारले होते की ही मुलगी कुणाकडे शिकली. तिचे काही उच्चार शहरातले नव्हते. बाईंची पणजी खेड्यात तसे बोलायची म्हणे. "गावाकडं कुणी म्हातारं जर्मन माणूस ठेवलंय काय तुम्ही?" सर हसून म्हणाले. राजनंदिनी हसली नाही.

पेढे वाटले. विश्वजीतने आसामातून फोनवर पोरीला सलाम ठोकला. व्हिसाची कागदे गेली. वैशाखात निघायचे ठरले. आता घोकायचे कारण उरले नव्हते, म्हणून ती माळवदाच्या खोलीत जायची थांबली. आकारामला बरे वाटले. झाले ते झाले, परीक्षेपुरते होते, असे त्याने स्वतःला समजावले.

माघातल्या एका संध्याकाळी तो दूध घालून आला आणि सवयीने दगडावर बसला. पोरगी पुढच्या घरात आईला ब्लाउजची काजे करायला मदत करत होती. तिचे हसणे ऐकू येत होते.

आणि बंद दाराआड आवाज म्हणाला, "इश ब्लायबं."

मग गप्प. एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ.

पुन्हा, "इश ब्लायबं."

इतके दिवस पोरगी आधी म्हणायची आणि तो मागून यायचा. आता तो आधी म्हणून थांबत होता. आकारामला कळायला वेळ लागला. रानात पैऱ्याचा माणूस उजाडायच्या आत बांधावर येऊन उभा राहतो आणि हाक मारतो, चला की आमच्याकडं. आता आमच्याकडची बारी. तसेच ते होते.

दुसऱ्या दिवशी त्याने जतच्या बाजारातून कुलूप आणले, दाराला घातले आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. पेंडीची पोती पुढच्या घराच्या पडवीत आणली. कुणी विचारले तर सांगितले, घुशी झाल्यात.

६

फाल्गुनात राजनंदिनीच्या नखांत माती दिसू लागली. आईने विचारले तर ती हात ओढणीआड घेई. जेवताना घास हातात धरून थांबे. मैत्रिणीचे फोन घेणे बंद केले. मराठी बोलताना अडखळू लागली, जर्मन बोलताना पूर्वी अडखळायची तशी.

एके दुपारी ती सापडेना. विहीर कोरडी होती, तेवढेच बरे, असे राजेश्वरी रडत म्हणाली. आकाराम मागे गेला. माळवदाच्या खोलीला कुलूप जसेच्या तसे. त्याने किल्ली काढून ते उघडले.

पोरगी आत होती. मागच्या भिंतीला तोंड करून, अगदी भिडून उभी. दोन्ही हात पुढे केलेले. बाहेर भगभगीत ऊन होते आणि डोळ्यांपुढे अंधारी आलेली, म्हणून आपण काय पाहिले याची त्याला पुढे कधी खात्री देता आली नाही. तिचे हात कोपरापर्यंत दिसत होते. पुढचे दिसत नव्हते.

त्याने तिला कमरेला धरून मागे ओढले. चिखलात रुतलेला पाय निघताना येतो तसा आवाज आला. हात निघाले. कोपरापर्यंत ओली पांढरी माती.

"काय करत हुतीस?"

"पैरा," ती म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा. "तुमीच सांगितलंय आबा. हात लावलेल्याचा पैरा ठेवायचा न्हाई."

"आन जर्मनी?"

"न्हाई जायचं. हितं काम हाय."

आकारामने तिला उन्हात आणून बसवले आणि स्वतः तिचे हात धुतले. टँकरच्या पाण्याची अख्खी घागर त्याने ओतली आणि राजेश्वरीने दुसरी आणून दिली.

त्याच आठवड्यात पोरीला शिरवळला मावशीकडे धाडले. तिथे मावशीचे यजमान कारखान्यात होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर होते. मातीचा संबंध नाही. पण राजेश्वरी रोज फोन करी आणि रोज तोंड पाडून फोन ठेवी. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसते. बोलवले तर तेच एक घोकते, आणि दर ओळीनंतर थांबते, कुणाचे तरी ऐकल्यासारखी. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. विमानाचे तिकीट आले होते. जाणार नसेल तर तसे कळवा, असे तिकडच्या इस्पितळाने विचारले होते.

आकारामचे डोके चालेनासे झाले. तो सयाजीच्या खळ्यावर जाऊन बसला. सयाजी गुडघ्याला तेल चोळत होता आणि कुरकुरत होता. मागल्या सालचा पैरा फेडायचा होता वाडीतल्या मल्हारच्या रानात, आणि सयाजीच्या पायाने तर बंड केले होते.

"मग काय केलंस?"

"काय करायचं? पोराला लावला म्या. पैरा काय माणसाचा असतोय व्हय? घराचा असतोय. घरातलं कोणबी जावं आन हात लावून यावं." सयाजीने त्याच्याकडे पाहिले. "तुला ठाऊक न्हाई का ह्ये? का वयानं गेलं डोस्क्यातनं?"

आकारामला ठाऊक होते. जन्मभर ठाऊक होते. तो उठला.

"आरं च्या टाकलाय गड्या, थांब की."

तो थांबला नाही.

७

वैशाखात विश्वजीत रजेवर आला. तो आणि राजेश्वरी शिरवळला जाऊन पोरीला घेणार आणि तसेच मुंबईला विमानावर पोचवणार. ती उभीसुद्धा राहील की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते, पण प्रयत्न केल्याशिवाय जागा सोडायची नाही असे विश्वजीतने ठरवले होते. निघताना त्याने आबांना, गाडीत जागा हाय, चला म्हणून आग्रह केला. म्हशीला कोण बघणार, असे आकाराम म्हणाला.

त्यांची जीप नजरेआड झाली तशी त्याने म्हैस सयाजीच्या गोठ्यात नेऊन बांधली. सयाजी घरी नव्हता, त्याच्या सुनेला सांगून आला. मग परसात पांढरी माती चाळली, शेण आणि तूस घातले, आपल्या वाटणीचे प्यायचे पाणी ओतले आणि पायाने तुडवून गिलावा केला. सदरा काढून खुंटीला लावला. घमेले उचलून माळवदाच्या खोलीत गेला.

दुपारचे ऊन दारातून आत पडले होते. भिंत गेल्या खेपेपेक्षा वरपर्यंत ओली होती. उलट्या कमानी आता छताला टेकल्या होत्या.

कुणाशी बोलतो आहे ते त्याला कळत नव्हते. तरी बोलायला हवे होते. पैरा फेडायला आलेला माणूस मुक्याने कामाला लागत नाही.

"पोरीचा पैरा हाय," तो म्हणाला. "त्यो घराचा. मी आलोय."

बाहेर बाभळीवर कावळा ओरडला. आकारामला वाटले, आपण म्हातारे खुळावलो आहोत, घमेले उचलावे आणि बाहेर जावे.

"इश ब्लायबं," आवाज म्हणाला. अगदी समोरून.

"इश ब्लायबं," आकाराम म्हणाला. त्याची जीभ वळली. ऐकून ऐकून वळणारच होती.

"डू ब्लायप्स्ट."

"डू ब्लायप्स्ट."

त्याने गिलाव्याचा गोळा भिंतीवर मारला आणि हात फिरवला. डावीकडून उजवीकडे. हाताखाली भिंत कडक लागली नाही. मऊ होती, मळलेल्या कणकेसारखी, आणि त्याचा हात जिथे जाई तिथे पलीकडून कुणाचा तरी हात तेवढाच दाब देत सोबत येई. तळव्याला तळवा, मध्ये फक्त माती. हात मागे घ्यावा असे त्याला एकदाच वाटले. पण पैऱ्याचे काम अर्ध्यावर टाकून कुणी येत नाही.

तो लिंपत राहिला. ओळ येई, तो ओळ म्हणे, हात फिरवी. दारातले ऊन सरकत सरकत उंबऱ्यावर गेले. खुंटीवरच्या सदऱ्यात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्याचे हात भरलेले होते. पुढे पुढे घमेल्याकडे वाकावे लागेना, माती आपणहून हाताला येत होती. किती वेळ गेला ते त्याला समजले नाही. भूक नव्हती, तहानही नव्हती. गार मात्र छान वाटत होते.

शेवटची ओळ झाली. "झी ब्लायबन," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्याआधी कुणी म्हटले नव्हते, मागूनही कुणी म्हटले नाही.

त्याने काम बघायला मान मागे घेतली. भिंतभर कमानी होत्या. त्याच्या स्वतःच्या, करंगळीच्या जागी गाळा राहिलेल्या. आणि त्यांच्याशेजारी त्या दुसऱ्या हाताच्या, ज्या त्याने पौषापासून पाहिल्या होत्या. त्या उलट्या नव्हत्या. कड उजव्या टोकाला, चर आत खोल. सगळ्या सुलट दिसत होत्या.

उजेडात नीट पाहावे म्हणून तो दाराकडे वळला. तिकडेही भिंत होती.

मग पलीकडून पावले आली. विश्वजीतचे बूट. त्याच्यामागे राजेश्वरीच्या बांगड्या. आवाज बारीक येत होते, गोधडीतून यावेत तसे.

राजेश्वरी म्हणत होती की भिंत बघा कशी वाळलीय, आबांनीच लिंपली जणू. विश्वजीत फोनवर कुणाला तरी सांगत होता. "बसली व्यवस्थित विमानात. काल दुपारच्याला आपसूक उठली, भाकरी मागितली, आईसंगं भांडली बी. जाता जाता म्हनली, आबांना सांगा, पोचले की फोन करते." मग त्याचा आवाज चढला. "आबा? आवं आबा, कुठं हायसा?"

"हितं हाय," आकाराम म्हणाला.

माती आवाज परत देत नाही.

"आबा?"

त्याने हात सुलट कमानीवर टेकवला. पैरा फिटला.